वारसास्थळी सेवा द्यायची आहे? बुऱ्हाणपूरपासून सुरुवात करा

धूलकोटच्या डोंगराळ भागातली कॉलेजची मुलं, नेपानगरच्या कागद कारखान्यातून निवृत्त झालेली मंडळी आणि तापीकाठच्या रावेर-मुक्ताईनगरकडचे शिक्षक यांच्या तोंडी हल्ली एक प्रश्न सारखा येतो. आपल्या भागात इतक्या जुन्या वास्तू आहेत, त्यांच्यासाठी आपण काय करायचं? हा लेख त्या मंडळींसाठी आहे. सेवा म्हणजे इथे पगार न घेता, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी एखाद्या ऐतिहासिक जागी हजर राहून करायचं काम. वर्षातून एकदा झाडू घेऊन फोटो काढण्याबद्दल मी बोलत नाही.

माझं मत आधीच सांगतो. पडक्या भिंती पाहिल्या की हात शिवशिवतात, पण जुन्या जागेला तुमच्या हातांची गरज फार थोडी असते. तिला रोज पाहणारे डोळे हवे असतात आणि खरं तेवढंच सांगणारी जीभ हवी असते. एवढं मनात पक्कं झालं, तर पुढच्या बऱ्याच चुका टळतील.

जागा निवडताना

बुऱ्हाणपुरात निवडीला वाव मोठा आहे. फारुकी सुलतान नसीर खानाने पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला, खुलताबादच्या बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संताच्या नावाने हे शहर वसवलं. तापीपलीकडे त्यांचे शिष्य जैनुद्दीन यांच्या नावाने जैनाबाद वसलं. 1601 च्या जानेवारीत असीरगड अकबराच्या हाती आला आणि त्यानंतर कित्येक वर्षं मोगलांचा दख्खनचा कारभार या शहराभोवती फिरला. शाही किल्ला, त्यातला रंगवलेल्या छताचा हमाम, संस्कृत आणि अरबी असे दोन्ही लेख असलेली जामा मशीद, शहानवाज खानाचा मकबरा, जैनाबादचा आहूखाना, बोहरडा गावाजवळची मिर्झाराजे जयसिंगांची छत्री, वीसेक किलोमीटरवरचा असीरगड आणि लालबागेच्या बाजूचा कुंडी भंडारा, एवढं सगळं एका दिवसाच्या टप्प्यात आहे.

सगळीकडे हात घालू नका. एक जागा घ्या आणि निदान वर्षभर तिथेच राहा. माझा कौल कुंडी भंडाऱ्याला आहे. किल्ले-मकबऱ्यांना प्रेक्षक आपोआप मिळतात. जमिनीखालचं काम मात्र कुणीतरी समजावून सांगितल्याशिवाय दिसतच नाही. वरून पाहणाऱ्याला माळावर ओळीने उभे असलेले विहिरीसारखे कठडे दिसतात, आणि तो पाच मिनिटांत गाडीत बसतो. जाणत्या माणसाची गरज इथे सर्वांत जास्त आहे.

तेव्हा आधी ते काम नीट समजून घ्या. 1615 च्या सुमारास, जहांगिराच्या काळात, सुभेदार अब्दुर्रहीम खानखानानच्या आश्रयाने ही योजना उभी राहिली. तिचं श्रेय तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराला दिलं जातं. सातपुड्याच्या उतारावर पडलेलं पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि भूगर्भातून तापीकडे सरकत राहतं. पायथ्याशी, पाण्याच्या पातळीखाली, बेताच्या उताराचा बोगदा खोदून ते पाणी वाटेतच धरलं. बोगद्यावर सुमारे वीस-वीस मीटरवर उभ्या विहिरी, म्हणजे कुंड्या, घेतल्या. खोदताना माती वर काढायला, आत हवा खेळती ठेवायला आणि नंतर साफसफाईला त्या उपयोगी पडल्या. कुंड्यांची संख्या शंभराच्या वर आहे. पाणी निव्वळ उताराच्या जोरावर शहराकडे जातं, जाळी करंज नावाच्या हौदात येतं आणि तिथून पुढे वाटलं जातं. ना मोट, ना रहाट, ना पंप. मूल भंडारा, सूखा भंडारा आणि चिंताहरण ही याच जाळ्यातली आणखी नावं.

हे तंत्र इराणमधल्या कनातीचं. इराणच्या कनाती 2016 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. मराठी पाहुण्याला समजावताना मात्र इराणपर्यंत जायची गरज नाही. मलिक अंबरने त्याच काळात औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर-ए-अंबरी आणली, ती त्याने ऐकलेली असते. तिथून धागा जोडला की माणूस लगेच कान देतो.

परवानगी आणि ओळख

दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी दार वाजवावं लागतं. प्रत्येक वास्तूचा मालक वेगळा असतो: कुठे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, कुठे राज्याचा पुरातत्त्व विभाग, कुठे महानगरपालिका, कुठे वक्फ किंवा एखादा धार्मिक ट्रस्ट, कुठे शेतकरी. असीरगड केंद्राच्या संरक्षणात आहे. तुमच्या जागेवरचा फलक आधी वाचा आणि मग लेखी अर्ज करा. मध्य प्रदेशात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा पुरातत्त्व, पर्यटन आणि संस्कृती परिषद असते. कुणाकडे जायचं हे उमगत नसेल, तर अर्ज तिथेच द्यावा. अर्जात मोठमोठी उद्दिष्टं लिहू नका. 'दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी सकाळी आठ ते बारा आम्ही चौघे इथे थांबू, पाहुण्यांना माहिती देऊ, कचरा गोळा करू, दुरुस्तीची गरज दिसली तर कळवू, कुठल्याही बांधकामाला हात लावणार नाही' एवढं पुरे. शेवटचं वाक्य जरूर लिहा. अधिकाऱ्यांना खरी भीती त्याचीच असते.

कॉलेजच्या मुलांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्याशी बोलावं. वर्षाला 120 प्रमाणे दोन वर्षांत 240 तास सेवा करायची असते, त्यात हे काम बसू शकतं. कॉलेजचं पत्र सोबत असलं की सरकारी कचेरीत लवकर दाद लागते.

परवानगी मिळाली तरी खरी ओळख कागदावर होत नाही. चौकीदार, जवळच्या शेताचा मालक, चहाची टपरी चालवणारी बाई आणि रिक्षावाले यांच्याशी आधी बोला. जागेवर रात्री कोण येतं, पाणी कधी गढूळ होतं, कुठला कठडा हलतो, हे त्यांना माहीत असतं. पैसे घेऊन माहिती देणारे स्थानिक मार्गदर्शक असतील, तर त्यांना सामील करून घ्या. तुम्ही फुकट सांगता म्हणून त्यांच्या पोटावर पाय येता कामा नये. मोठा गट आला की तो त्यांच्याकडे सोपवायचा आणि आपण शाळेची मुलं, एकटेदुकटे प्रवासी, वृद्ध माणसं सांभाळायची, अशी वाटणी सगळ्यांना मानवते. बक्षीस कधीही घेऊ नये. कुणी आग्रह केलाच, तर त्याला परत येताना चार माणसं सोबत आणायला सांगावं.

अमेरिकेतलं एक गाव

सेवा कशी लावायची याचा एक नमुना फार दूरचा आहे, पण अभ्यासण्यासारखा आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात मिसिसिपी नदीच्या काठावर नॉवू नावाचं गाव आहे. छळामुळे मिसुरीतून बाहेर पडलेल्या मॉर्मन पंथाच्या लोकांनी 1839 मध्ये तिथल्या दलदलीच्या जमिनीवर वस्ती केली. 1844 मध्ये त्यांचा संस्थापक जोसेफ स्मिथ जमावाकडून मारला गेला आणि 1846 च्या फेब्रुवारीत, नदी गोठवणाऱ्या थंडीत, हे लोक घरंदारं सोडून पश्चिमेकडे निघाले. पुढच्या वर्षी त्यांच्यातले पहिले लोक सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. मागे राहिलेल्या गावातली अनेक घरं विसाव्या शतकात पुन्हा उभी करण्यात आली. आज तिथे सेवा देणाऱ्यांत निवृत्त जोडपी पुष्कळ असतात. नवरा-बायको काही महिने, कधी वर्ष-दीड वर्ष, स्वखर्चाने येऊन राहतात, त्या काळासारखे कपडे घालतात आणि येणाऱ्याला घर उघडून दाखवतात. लोहारशाळेत घोड्याच्या नालेच्या खिळ्यापासून अंगठी वळून देतात, भट्टीपाशी विटा कशा थापायच्या ते दाखवतात, बेकरीत आल्याची बिस्किटं हातावर ठेवतात.

यातून आपण काय घ्यावं? पहिली गोष्ट मुदत. तिथला माणूस अमुक महिने म्हणून येतो आणि ते पुरे करतो. आपल्याकडे उत्साह पहिल्या महिन्यात ओसंडतो आणि होळीपर्यंत आटतो. म्हणून वर्षभराची मुदत स्वतःला घालून घ्या, भले महिन्याला दोनच रविवार द्या. दुसरी गोष्ट निवृत्त माणसांची. नेपानगरचा वृत्तपत्रीय कागदाचा कारखाना 1956 मध्ये राष्ट्राला अर्पण झाला आणि त्यात कित्येक माणसांनी उभी हयात पाइप, पंप, उतार, दाब यांत घालवली. कुंडी भंडाऱ्याचा उतार समजावून सांगायला यांच्याइतकी योग्य माणसं कोण? त्यांना बोलवा. तिसरी गोष्ट म्हणजे बोलण्यापेक्षा दाखवणं. एका पत्र्याच्या पन्हाळीत माती-वाळू भरून, वरून पाणी ओतून, तळाला बोगद्यासारखी नळी ठेवून मुरलेलं पाणी बाहेर येताना दाखवा. दहा मिनिटांच्या भाषणाने जे होत नाही, ते मुलांच्या चेहऱ्यावर तिथे दिसतं.

एक फरक मात्र विसरू नका. नॉवूमध्ये सेवा देणारा आपल्याच पंथाची कहाणी सांगतो आणि ती श्रद्धेनेच सांगतो. तिथे ते उचितही आहे. बुऱ्हाणपूर कुणा एकाचं नाही. बोहरा समाजाची दर्गाह-ए-हकीमी इथे आहे. 1708 मध्ये नांदेडला जाताना गुरू गोविंदसिंग इथे थांबले, त्याची आठवण सांगणारा बडी संगत गुरुद्वारा आहे. नागझिरीत कबीरपंथीयांचं निर्णय मंदिर आहे. या ठिकाणी सेवेची परंपरा पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. तिथे एक-दोन दिवस नुसते जाऊन बसा आणि आलेल्या परक्या माणसाचं आगतस्वागत कसं होतं ते पाहा. त्याला आधी पाणी, बसायला सावली, चपला ठेवायची जागा आणि हात धुवायची जागा दाखवतात, इतिहास नंतर. आपल्या वारसास्थळांवर हीच गोष्ट राहून जाते. उन्हातून आलेल्या म्हाताऱ्या बाईला स्वच्छतागृह कुठे आहे हे सांगणं तुमच्या सेवेचा अर्धा भाग आहे असं समजा.

काय सांगायचं, कसं सांगायचं

बुऱ्हाणपुरात दंतकथा उदंड आहेत. मुमताजचंच घ्या. 17 जून 1631 रोजी, चौदाव्या बाळंतपणात, ती या शहरात वारली आणि तिला तात्पुरतं तापीपलीकडच्या जैनाबादच्या बागेत पुरलं. डिसेंबरात तिचा देह आग्र्याला नेला. हे इतिहासात पक्कं आहे. पण ताजमहाल आधी तापीकाठीच व्हायचा होता आणि वाळवीमुळे बेत बदलला, किंवा हमामातल्या एका चित्रात ताजमहालाचा पहिला आराखडा आहे, हे लोक सांगतात म्हणून सांगायचं. असीरगडावरच्या महादेवाला अश्वत्थामा पहाटे फूल वाहून जातो, हीही गावाची श्रद्धा आहे. ती वगळू नका, तिच्यात या गडाविषयीचं कित्येक पिढ्यांचं प्रेम आहे. फक्त प्रत्येक गोष्ट आपल्या जागी ठेवा.

त्यासाठी बोलताना तीन शब्दप्रयोग पाठ करा. शिलालेखात किंवा समकालीन नोंदीत असेल तर 'लेखात आहे' म्हणा. अभ्यासकांनी पुराव्यावरून बांधलेला अंदाज असेल तर 'अभ्यासक मानतात'. कथा असेल तर 'लोक सांगतात'. ही सवय लागली की पाहुणाही तसंच विचारायला लागतो, आणि यापेक्षा मोठं काम मार्गदर्शकाच्या हातून होत नाही असं मला वाटतं.

कुंडी भंडाऱ्याबाबत एक गफलत आत्ताच सुधारून घ्या. मार्च 2024 मध्ये मध्य प्रदेशातल्या सहा जागा युनेस्कोच्या संभाव्य यादीत आल्या. ग्वाल्हेरचा किल्ला आणि भोजपूरचं मंदिर यांच्याबरोबर त्यात हाही होता. संभाव्य यादी म्हणजे जागतिक वारसा दर्जा नव्हे. तो दर्जा मिळवण्याच्या वाटेवरची ती पहिली पायरी आहे. पाहुण्याला 'हे जागतिक वारसास्थळ आहे' असं सांगू नका. पुढे प्रत्यक्ष नामांकनाची वेळ येईल, तेव्हा जागेची देखभाल कशी होते आणि स्थानिक लोकांचा तिच्याशी संबंध किती, हे तपासलं जाईल. तुमची नोंदवही तेव्हा उपयोगी पडेल.

मराठी पाहुणा हमखास आणखी एक विषय काढतो. फेब्रुवारी 2025 मध्ये 'छावा' चित्रपट आला आणि संभाजी महाराजांच्या बुऱ्हाणपुरावरच्या स्वारीबद्दल सगळीकडे बोलणं सुरू झालं. ती स्वारी 1681 च्या जानेवारीअखेर झाली. हंबीरराव मोहित्यांच्या फौजेने बहादूरपुरा आणि आजूबाजूचे श्रीमंत पुरे लुटले, तटाच्या आतलं शहर मात्र हाती आलं नाही. एवढं शांतपणे, साल आणि ठिकाणासह सांगा. ऐकणाऱ्यांत बुऱ्हाणपूरचे हिंदू आणि मुसलमान विणकरही असतील, ज्यांतल्या काहींचे पूर्वज त्या काळी याच पुऱ्यांत राहत असतील. इतिहास सांगताना कुणाला टोचण्याची गरज नसते. वाद पेटायला लागला, तर गटाला पुढच्या वास्तूकडे न्या. मराठी माणसाला आवर्जून दाखवायची जागा म्हणजे मिर्झाराजे जयसिंगांची छत्री. पुरंदरच्या तहात ज्याच्यासमोर शिवाजी महाराजांना बसावं लागलं, तो सेनापती तहानंतर दोनच वर्षांनी, 1667 मध्ये, बुऱ्हाणपुरात वारला. हे ऐकून माणसं थबकतात.

हात कुठे आवरायचा

आता सर्वांत महत्त्वाचं. चांगल्या मनाने केलेली नासधूस मी महाराष्ट्रातल्या गडांवर पुष्कळ पाहिली आहे: सिमेंटने लिंपलेल्या तटभिंती, ऑइलपेंट फासलेले दरवाजे, ॲसिडने धुतलेल्या पायऱ्या. चुन्यात बांधलेल्या भिंतीवर सिमेंट चढवलं की आतली ओल बाहेर पडू शकत नाही. ती दगडातच अडकते, क्षार वर येतात आणि दगडाचा पापुद्रा सुटू लागतो. म्हणून भेग दिसली तरी बुजवू नका. पिंपळाचं रोप उपटू नका, मूळ खेचताना शेजारचा दगडही हलतो. फोटो काढा, दिवस लिहा, संबंधित विभागाला कळवा. शिलालेख वाचायला खडू किंवा पीठ चोळणं बंद करा. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडतं तेव्हा, किंवा बाजूने टॉर्च धरून पाहिलं, तर अक्षरं आपोआप उठून दिसतात.

कुंडी भंडाऱ्याच्या बोगद्यात चुनखडीचे थर साचून वाट अरुंद होत गेली आहे. ते खरवडण्याचा मोह कुणालाही होईल, पण ते काम तज्ज्ञांचं आहे. बोगद्यात उतरणंही परवानगीशिवाय नको. कुंडी सुमारे ऐंशी फूट खोल आहे. आत हवा कमी असू शकते, शेवाळ असतं, साप असतात. खाली जायला लिफ्ट बसवलेली आहे, पण ती अधिकृत माणूस हजर असतानाच चालवायची, आणि बंद असली तर पाहुण्यांना स्पष्ट सांगायचं. शाळेची सहल आली, तर दर दहा मुलांमागे एक मोठा माणूस आणि कुंडीच्या कठड्यापासून दोन हात अंतर, हा नियम मोडू देऊ नका. उघड्या तोंडाची कुंडी दिसली, तर इतर सगळी कामं बाजूला ठेवून त्याच दिवशी लेखी कळवा.

कायदाही माहीत हवा. संरक्षित स्मारकाची नासधूस केली, नावं कोरली, तर 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. केंद्र-संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम मना आहे आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. मार्च 2025 मध्ये असीरगडाच्या पायथ्याच्या शेतांत लोक रात्री टॉर्च घेऊन मोगलकालीन नाणी शोधायला खणत असल्याच्या बातम्या देशभर झळकल्या. गावच्या स्वयंसेवकाने अशा वेळी भांडण काढू नये, पण चार गोष्टी समजावून सांगाव्यात. सापडलेलं धन लपवणं 1878 च्या गुप्तधन कायद्याखाली गुन्हा आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि नाणं मातीच्या थरातून उपटलं की ते कधीचं, तिथे कसं आलं, हे सांगणारा पुरावा कायमचा जातो. हे सगळं पारावर बसून, ओळखीच्या माणसाने, आपल्या बोलीत सांगितलं तरच उतरतं.

नोंदवही

माझ्या लेखी नोंदवही हे या सेवेतलं सर्वांत टिकाऊ काम आहे. साधी शंभर पानी वही घ्या. दर खेपेला तारीख, वेळ, हवामान, किती पाहुणे, कुठून आले, त्यांनी काय विचारलं, पाणी कसं दिसलं, कुठे कचरा, कुठे नवी भेग, हे सगळं लिहा. महिन्यातून एकदा ठरलेल्या पाच-सहा जागांवरून, त्याच कोनातून, शेजारी एक पट्टी ठेवून फोटो घ्या. भेग वाढते की थांबली, हे डोळ्याला कळत नाही, फोटोंच्या मालिकेत ते कळतं.

पाण्याची नोंद याहून मोलाची. कुंडी भंडाऱ्याला खरा धोका त्याच्या भिंतींच्या बाहेरून आहे. डोंगर उघडे पडले, कूपनलिका खोल गेल्या, की भूगर्भातली पातळी खाली सरकते आणि चारशे वर्षं चाललेला बोगदा कोरडा पडू शकतो. बुऱ्हाणपूर हा केळीचा मुलूख आहे आणि केळीला पाणी लागतं, त्यात शेतकऱ्याचा दोष काढणं अन्याय होईल. पण वर्षभरात पाणी कधी चढलं, कधी उतरलं, याचा तक्ता तुमच्याकडे असेल, तर ठिबक, पाझर तलाव, डोंगरावरची झाडं या विषयांवर गावसभेत कुणीतरी आकड्यांनिशी बोलू शकेल. जुलै 2022 मध्ये हाच जिल्हा घरोघरी नळाचं पाणी पोचल्याचं प्रमाणपत्र मिळवणारा देशातला पहिला जिल्हा ठरला. नळ आले, आता त्या नळांना पाणी देणारी जमीन सांभाळायची आहे. कुंडी भंडारा पाहायला आलेल्या प्रत्येक शाळकरी मुलाला हे दोन्ही एका दमात सांगता येतं.

धूलकोटच्या मुलांसाठी

धूलकोटच्या परिसरात बारेला, भिलाला समाजाची वस्ती मोठी आहे. तिथल्या मुला-मुलींना मुद्दाम सांगतो, ही जागा तुमचीही आहे. शहरातले स्वयंसेवक हिंदी, उर्दू, मराठी, थोडी इंग्रजी बोलतात. बारेलीत समजावणारा माणूस मात्र विरळाच भेटतो. तुमच्या गावच्या शाळेची सहल आणून, तुमच्याच बोलीत त्यांना तो बोगदा समजावलात, तर ते काम दुसऱ्या कुणाला जमणार नाही. झऱ्याला पाणी कधी फुटतं, पाऊस कमी झाला की कुठला नाला आधी आटतो, हे तुम्ही लहानपणापासून पाहिलं आहे. सातपुड्यात मुरलेलं पाणी कसं चालतं, याचं जे ज्ञान इराणी जाणकाराने कामाला लावलं, त्याच्या जवळचं काहीतरी तुमच्या आजोबांकडे आहे. त्यांना विचारा, लिहून ठेवा आणि पाहुण्यांना सांगा.

अडचणी साध्या आहेत, पण त्याच माणसाला गळायला लावतात. येण्या-जाण्याच्या गाडीची वेळ पाहूनच पाळी ठरवा आणि दिवस मावळायच्या आत घरी पोचाल असं पाहा. मुलींनी दोघी-दोघी मिळून पाळी घ्यावी, आणि गटप्रमुखाने प्रत्येक जण घरी पोचल्याचा फोन आल्याशिवाय आपलं काम संपलं असं मानू नये. भाडं आणि दुपारचं जेवण कुणी द्यायचं, हे आधी बोलून घ्या. परवानगी देणाऱ्या विभागाकडून किंवा कॉलेजकडून एवढा खर्च मागणं गैर नाही. घरच्या शेतीची कामं असतात, कापणीच्या दिवसांत पाळी बदलून घ्या, त्यात संकोच नको. न सांगता गैरहजर राहू नका, एवढंच.

ऋतूचं भान ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे खरे दिवस. एप्रिल-मेमध्ये बुऱ्हाणपूरचं ऊन भाजून काढतं. तेव्हा सकाळी दहापर्यंतच थांबा, सोबत पाणी, मीठ-साखर आणि टोपी असू द्या. पावसाळ्यात असीरगडाच्या वाटा आणि कुंड्यांभोवतीची जमीन निसरडी होते, गट लहान ठेवा. आलेल्या माणसाला शहरात पाठवताना मावा जिलेबी आणि दराबा कुठे चांगला मिळतो तेही सांगा, यंत्रमागांच्या गल्ल्यांतून जायला सांगा. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्नियेने इथल्या तलम कापडाच्या व्यापाराबद्दल लिहून ठेवलं, आणि कापड अजून इथे विणलं जातं. वारसा फक्त दगडांत आहे असं पाहुण्याला वाटू नये.

सुरुवातीला मुहूर्त हवा असेल, तर 18 एप्रिलचा जागतिक वारसा दिन किंवा 19 ते 25 नोव्हेंबरचा जागतिक वारसा सप्ताह घ्या. त्या दिवसांत सरकारी विभागही कार्यक्रम करतात, अधिकारी जागेवर भेटतात, ओळखी होतात. मी नोव्हेंबर निवडेन. हवा चांगली असते आणि पुढचे चार महिने हातात असतात. ऑक्टोबरात अर्ज द्या, दिवाळीच्या सुट्टीत चौघांनी मिळून जागा पायी फिरून घ्या, एकमेकांना पाहुणा समजून अर्ध्या तासाची माहिती सांगून पाहा. ऐकणाऱ्याला कुठे कंटाळा आला ते लिहून काढा आणि तेवढा भाग कापा. पहिल्या महिन्यात तर फक्त दहा मिनिटांचीच माहिती द्या, बाकीचा वेळ पाहुण्याच्या प्रश्नांना ठेवा.

वर्ष संपताना तुमच्यापैकी काही जण नोकरीला, काही लग्न होऊन दुसऱ्या गावी जातील. त्याआधी दोन महिने नवी माणसं जुन्यांबरोबर पाळीला उभी करा. वही, फोटो, अर्जांच्या पोचपावत्या, अधिकाऱ्यांचे नंबर आणि ती पत्र्याची पन्हाळ, सगळं त्यांच्या ताब्यात द्या, आणि वहीची एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयातल्या त्या पुरातत्त्व, पर्यटन आणि संस्कृती परिषदेत सही-शिक्क्यानिशी जमा करून पोच घ्या.